पॉवर ॲम्पची पाठ: कुठली पिन कुठे लावायची आणि ती कशी बनवायची

मिक्सरचा सिग्नल स्पीकर हलवण्याइतका मोठा करणाऱ्या पॉवर ॲम्पच्या पुढच्या बाजूला दोन नॉब आणि चार दिवे असतात. खरं काम सगळं मागच्या पत्र्यावर चालतं. सभागृहातली कायमची सिस्टिम असो नाहीतर मंडपात आठ-दहा दिवसांसाठी उभी केलेली, बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा याच पत्र्यावर किंवा तिथे घुसलेल्या वायरच्या टोकात सापडतं. ॲम्प जळाला, स्पीकर फाटला, हम (सलग गुणगुण) येतोय, मधेच आवाज जातोय, अशा तक्रारींवर ॲम्प उघडण्याआधी कनेक्टर तपासायचे.

पाठीमागची पिन सॉकेटात बसते एवढ्यावरून ती तिथे चालते असं होत नाही. तोच सव्वासहा मिमीचा जॅक कधी मिक्सरमधून अर्धा-एक व्होल्ट आणतो, तर जुन्या ॲम्पमध्ये त्याच आकाराच्या भोकातून स्पीकरकडे साठ-सत्तर व्होल्ट निघतात. म्हणून वायर लावताना आधी सॉकेटाशेजारी काय छापलंय ते वाचायचं, मग ती जागा सिग्नल घेते की देते ते ठरवायचं, आणि त्यानंतरच हातातल्या पिनकडे बघायचं. मागे अंधार असतो, त्यामुळे बॅटरी जवळ ठेवा. पत्र्यावरची छपाई पुसट झाली असेल तर कायमस्वरूपी मार्करने नवीन लिहा किंवा चिकटपट्टी लावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

सुरुवात विजेपासून

ॲम्पच्या मागे वीज घ्यायला जो तीन पात्यांचा खळगा असतो तो सी१४, आणि त्यात जाणारं वायरचं टोक सी१३. कॉम्प्युटरची पॉवर कॉर्ड म्हणतात ती हीच. या जोडीची मर्यादा १० अँपिअर आहे. मोठ्या ॲम्पला यापेक्षा रुंद, आडव्या पात्यांचा सी२० असतो, त्याला सी१९ लागतो आणि तो १६ अँपिअरचा. सी१९ची वायर १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच हवी. ती छोट्या सहा अँपिअरच्या पिनवर उतरवणारा अडॅप्टर वापरला की बोर्डातलं सॉकेट वितळायला लागतं.

कॉर्ड विकत घेताना वायरवरचा छापा वाचा. ‘३ × ०.७५’ किंवा ‘३ × १.०’ असं लिहिलेलं हवं, म्हणजे तीन कोर आणि प्रत्येकाचा छेद तितके चौरस मिमी. बाहेरून जाडजूड दिसणाऱ्या स्वस्त कॉर्डमध्ये आत केसासारख्या तारा असतात आणि कधी कधी अर्थची तार नसतेच. हे तपासायला मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक प्लगच्या जाड पिनला लावा आणि दुसरं ॲम्पच्या पत्र्यावरच्या उघड्या स्क्रूला. रंगावर टोक टेकवू नका. बीप आला नाही तर ती कॉर्ड बाजूला टाका. सी१३ सैल झाला की आतल्या पात्या तापतात, काळ्या पडतात, आणि काळ्या पडल्या की आणखी तापतात. टेप गुंडाळून किंवा खाली लाकडी पाचर ठोकून हे थांबत नाही, कॉर्ड बदलावीच लागते.

मंडपात थ्री-फेज पुरवठ्यावरून एक फेज घेताना न्यूट्रलकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. न्यूट्रल कुठे तरी सुटला किंवा ढिला झाला तर ज्या फेजवर भार कमी असतो तिथलं व्होल्टेज चढत जातं, अगदी ४०० व्होल्टच्या आसपास. दिव्यांची माळ जाते, त्यासोबत ॲम्पचा पॉवर सप्लायही जातो. म्हणून एकही प्लग लावण्याआधी बोर्डावर तीन मापं घ्या: फेज–न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज–अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल–अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज–अर्थ मध्ये साठ-सत्तर किंवा शंभर असं काही तरी दिसलं तर तिथे अर्थिंग नाही असं समजा. दिवे पूर्ण लावून झाल्यावर हीच मापं पुन्हा घ्या, कारण ढिला न्यूट्रल भार आल्यावरच बोलतो.

खळग्याच्या खाली फ्यूजचा छोटा कप्पा असतो. आत बहुतेक वेळा ५ × २० मिमीचा फ्यूज मिळतो आणि त्याच्या टोपीवर ‘टी’ किंवा ‘एफ’ हे रोमन अक्षर कोरलेलं असतं. टी म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे लगेच उडणारा. ॲम्प चालू होताना मोठे कपॅसिटर भरतात आणि क्षणभर प्रचंड करंट ओढतात, म्हणून तिथे टी लागतो. टीच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा एफ टाकला तर स्विच दाबताक्षणी फ्यूज उडतो, आणि मग कोणी तरी चिडून दुप्पट अँपिअरचा टाकतं. तिथून पुढे संरक्षण संपलं. पत्र्यावर छापलेलाच आकडा आणि तेच अक्षर वापरा. चांदीचा कागद तर कधीच नाही. बाहेरून आणलेल्या जुन्या ॲम्पवर ११५/२३० अशी सरकती कळ असते, ती २३० वर आहे का ते प्लग लावण्याआधी बघायचं.

काही ॲम्प आणि सक्रिय (आतच ॲम्प असलेल्या) स्पीकरवर वीज घ्यायला गोल, फिरवून बसणारा निळा कनेक्टर असतो, तो पॉवरकॉन. निळा वीज आत घेतो, करडा पुढच्या यंत्राला देतो. मूळचा निळा-करडा पॉवरकॉन चालू भारावर काढायचा नसतो, ठिणगी पडून पाती खराब होतात. आधी स्विच बंद, मग हात. नंतर आलेला ट्रू-वन हा प्रकार भारावर काढता येतो, पण तो जुन्यात बसत नाही.

सिग्नल आत येतो तो एक्सएलआरमधून

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीने आणलेला हा तीन पिनांचा गोल कनेक्टर. आपल्याकडे अजूनही अनेक जण याला ‘कॅनन पिन’च म्हणतात. दिशेचा नियम सोपा आहे: सिग्नल नेहमी नर पिनांच्या टोकांच्या दिशेने पुढे जातो. मिक्सरचं आउटपुट नर, ॲम्पचं इनपुट मादी. ॲम्पच्या मागे इनपुटशेजारी एक नर एक्सएलआर दिसला तर ते ‘लिंक’ किंवा ‘थ्रू’, म्हणजे आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढच्या ॲम्पला द्यायची जागा. तिथे मिक्सरची दुसरी वायर अडॅप्टर घालून घुसवली तर मिक्सरची दोन आउटपुट एकमेकांवर आदळतात.

पिनांची वाटणी पाठ असू द्या: १ जाळी (आतल्या तारांभोवतीचं धातूचं विणलेलं वेष्टन), २ हॉट, ३ कोल्ड. २ आणि ३ वर तोच सिग्नल उलटसुलट चालतो. ॲम्प दोघांतला फरक घेतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांना सारखीच चिकटलेली खरखर वजा होऊन जाते. म्हणून शंभर मीटरची एक्सएलआर वायर शांत राहते, आणि दहा मीटरची आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) वायर शेजारच्या, दिवे मंद करणाऱ्या डिमरचा आवाज घेऊन येते. काही जुन्या अमेरिकन यंत्रांत ३ नंबर हॉट असतो. एकच असं यंत्र मधे आलं की एका बाजूचे स्पीकर उलटे चालतात आणि मधोमध उभं राहिलं की बेस नाहीसा होतो.

आता वायर बनवू. दोन कोर आणि जाळी असलेली साधारण ६ मिमी जाडीची माइक केबल, एक नर आणि एक मादी एक्सएलआर, ६०/४०ची रोझिनवाली सोल्डर, २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, पातळ हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) आणि मल्टिमीटर एवढं लागतं. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं.

१. सगळ्यात आधी मागची टोपी आणि रबरी बूट वायरवर ओवून घ्या. वायर पकडणारा प्लास्टिकचा चिमटा बाजूने बसणारा असेल तर नंतर चालेल. डाग देऊन झाल्यावर टोपी टेबलावरच राहिलेली दिसणं ही सगळ्यांच्या हातून होणारी चूक आहे आणि तिला उपाय एकच, डाग सोडवणं.

२. बाहेरचं आवरण साधारण १५ ते २० मिमी सोला. ब्लेड गोल फिरवताना जोर देऊ नका, आवरण अर्धवट कापून वायर वाकवली की ते आपसूक फाटतं. जोर दिला तर जाळीच्या तारा तुटतात आणि ते नंतर महिनाभराने कळतं.

३. जाळी उलगडून घट्ट पीळ द्या, तिच्यावर हीट श्रिंक चढवा. दोन्ही कोर ४ ते ५ मिमीच सोला. जास्त सोललं की उघडी तार शेजारच्या पिनला टेकते.

४. तिन्ही टोकांवर आणि पिनांच्या मागच्या वाट्यांत आधी थोडी थोडी सोल्डर भरून घ्या. मग वाटी तापवून तार आत सोडा, दोन-तीन सेकंदांत आयर्न काढा आणि सोल्डर गोठेपर्यंत तार हलवू नका. डाग चकचकीत आणि वाटीत पसरलेला दिसला पाहिजे. धुरकट, दाणेदार गोळा म्हणजे कोरडा डाग, तो काही दिवसांनी सुटतोच.

५. डाग देताना त्या कनेक्टरमध्ये समोरचा जोडीदार घालून ठेवा. आतलं प्लास्टिक उष्णतेने मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत.

६. पिनांचे आकडे प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात. समोरून आणि मागून बघताना क्रम उलटा दिसतो, म्हणून आठवणीवर न जाता प्रत्येक टोकाला आकडा वाचा.

अनेक एक्सएलआरमध्ये धातूच्या कवचाला जोडलेली चौथी पट्टी असते. माइक केबलमध्ये ती रिकामी सोडा. तिला जाळी जोडली आणि नंतर दोन वायरींमधला जोड मंडपाच्या लोखंडी खांबावर पडला, की अर्थचा नवा रस्ता तयार होतो आणि हम सुरू होतो.

बनवून झाल्यावर बीप टेस्ट: १–१, २–२, ३–३ वाजलं पाहिजे, आणि १–२, २–३, १–३ मुळीच वाजता कामा नये. मोजताना दुसऱ्या माणसाला वायर टोकापाशी वाकवायला सांगा. स्थिर असताना पास झालेली वायर वाकवल्यावर नापास होते.

लॅपटॉपची वायर: जिथे सगळे फसतात

गाणं वाजतंय, ढोलकी-तबला नीट ऐकू येतोय, पण गायकाचा आवाज दूर विहिरीतून आल्यासारखा किंवा गायबच. हा दोष लॅपटॉपचा नाही आणि मिक्सरचाही नाही. साडेतीन मिमीच्या पिनीपासून थेट एका एक्सएलआरपर्यंत जाणारी वायर वापरली की हे होतं. त्या पिनीच्या टोकावर डावा चॅनेल असतो आणि मधल्या कड्यावर उजवा. तसल्या वायरीत डावा गेला २ वर आणि उजवा ३ वर. ॲम्प किंवा मिक्सर तर दोघांतला फरक घेतो. गायकाचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो, म्हणून तो वजा होऊन जातो.

बरोबर वायर दोन फाट्यांची असते: टोक एका मोनो जॅकच्या टोकाला, कडं दुसऱ्या मोनो जॅकच्या टोकाला, आणि खालचा भाग दोघांच्या जाळीला. मिक्सरचा एकच चॅनेल मोकळा असेल तर टोक आणि कडं प्रत्येकी १ किलोओहमचा रेझिस्टर मधे घालून एकत्र करा आणि तिथून एक तार पुढे न्या. दोन चॅनेल नुसते पिळून जोडायचे नाहीत. एका उगमाचा सिग्नल दोन ठिकाणी वाटणं चालतं, दोन उगम एका तारेत बांधणं चालत नाही.

आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या पिना, हीही एकाच तारेची आणि जाळीची पद्धत. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेच्या नावावरून तिला हे नाव पडलं. घरगुती यंत्रांची पातळी साधारण ०.३ व्होल्ट असते, व्यावसायिक यंत्रांची १.२३ व्होल्ट. दोघांत जवळपास १२ डेसिबलचा फरक. त्यामुळे डीव्हीडी प्लेअर ॲम्पला थेट जोडला तर तो मऊ वाजतो, तो बिघडलेला नसतो. आरसीएवरून एक्सएलआर करायचा असेल तर मधली तार २ वर, जाळी १ वर, आणि ३ व १ एकत्र. ही वायर तीन ते पाच मीटरच्या पुढे नेऊ नका. अंतर जास्त असेल तर यंत्राजवळ डीआय बॉक्स (असा सिग्नल एक्सएलआरजोगा करणारी छोटी पेटी) ठेवा आणि तिथून एक्सएलआर न्या. डीआय बॉक्सने आणखी एक काम होतं: मिक्सरवर माइकसाठी ४८ व्होल्टचं फँटम चालू असलं तरी ते लॅपटॉपपर्यंत पोचत नाही.

मिक्सर आणि ॲम्पवर मधोमध जॅकचं भोक आणि भोवती एक्सएलआरची तीन भोकं असा एकत्र सॉकेट दिसतो. अनेक मिक्सरमध्ये त्यातला एक्सएलआर भाग माइकचा आणि मधलं भोक लाइनचं असतं. लाइनचा सिग्नल एक्सएलआरमधून घातला की गेन (आत येणारा सिग्नल वाढवायचा नॉब) शून्यावर असूनही आवाज फाटतो. अशा वेळी गेन शोधत बसण्यापेक्षा वायरचं टोक बदला.

स्पीकरकडे जाणारी बाजू

१००० वॅटचा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला भरभरून देतो तेव्हा त्याच्या टोकांवर ८९ व्होल्ट असतात. तेच १००० वॅट ४ ओहमवर गेले तर तारेतून जवळपास १६ अँपिअर वाहतात. शॉक लागण्याइतकं व्होल्टेज आणि वायर तापवण्याइतका करंट, दोन्ही इथे आहेत. जुन्या पद्धतीचा सव्वासहा मिमीचा जॅक इथे धोक्याचा, कारण आत-बाहेर करताना तो टोक आणि बाजू क्षणभर एकत्र टेकवतो आणि ॲम्पचं आउटपुट शॉर्ट होतं. लिखटनश्टाइनमधल्या न्यूट्रिक कंपनीने १९८७ साली स्पीकॉन आणला तो हीच अडचण मिटवण्यासाठी. त्याची पाती प्लास्टिकच्या आत असतात, बोट लागत नाही, आणि फिरवून टक् वाजलं की वायर ओढली तरी निघत नाही.

चार पात्यांच्या स्पीकॉनवर १+, १−, २+, २− असं कोरलेलं असतं. साध्या स्पीकरला १+ आणि १− पुरतात. दोन पात्यांची वायर चार पात्यांच्या सॉकेटात बसते आणि फक्त १ची जोडी वापरते.

वायर जोडताना टोपी आणि चिमटा आधी ओवून घ्या, कोर साधारण ८ मिमी सोला, तारांना पीळ द्या आणि स्क्रूखाली सरळ घट्ट आवळा. इथे तारांना सोल्डर लावू नका. मऊ सोल्डर दाबाखाली हळूहळू बसत जाते, स्क्रू आपोआप ढिला पडतो, जोड तापतो. हवं तर टोकाला बसणारी तांब्याची नळी दाबून लावा, ती उत्तम. स्क्रूच्या डोक्याला नेमका बसणाराच पेचकस घ्या, चुकीच्या पेचकसने खाच गोल झाली की तो कनेक्टर गेला. शेवटी चिमटा वरच्या आवरणावर बसलाय ना ते बघा. तो आतल्या कोरवर बसला तर पहिल्या ओढीला वायर सुटते.

जाडी किती घ्यायची याला हिशेब आहे. ३० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. ४ ओहमच्या भारावर दीडची (दीड चौरस मिमी छेदाची) वायर घेतली तर तिचा रोध ०.६९ ओहम येतो आणि स्पीकरला मिळणारी शक्ती २७ टक्क्यांनी घटते. अडीचच्या वायरला ही घट १८ टक्के, चारच्या वायरला १२. तोच स्पीकर ८ ओहमचा असेल तर दीडच्या वायरवरही घट १५ टक्केच राहते. म्हणून शक्य असेल तिथे ॲम्प स्पीकरजवळ ठेवा आणि लांब अंतर एक्सएलआरने कापा.

हा सगळा हिशेब शुद्ध तांब्याचा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर भरपूर विकली जाते, तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो. ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. याउलट बाहेरून पांढरी आणि आतून लाल म्हणजे कल्हई केलेलं तांबं, ते चांगलं. मुलाम्याची वायर स्क्रूखाली चिरडते आणि वाकवून तुटते, त्यामुळे रोज गुंडाळायच्या कामाला ती घेऊच नका. आणि गिटारची जाळीवाली वायर स्पीकरला वापरू नका, तिच्या आतली तार इतका करंट सोसत नाही.

बायअँप स्पीकरमध्ये, म्हणजे बेस आणि हॉर्नला वेगवेगळा ॲम्प चॅनेल लागतो अशा बॉक्समध्ये, बहुधा १ची जोडी बेसला आणि २ची जोडी थेट हॉर्नच्या ड्रायव्हरला जाते. अशा स्पीकरला कोणी २ची जोडी वापरून पूर्ण सिग्नल दिला तर बेसचे धक्के हॉर्नच्या पातळ पडद्यावर जातात आणि तो काही क्षणांत फाटतो. बॉक्सच्या मागची ‘फुल रेंज / बायअँप’ कळ आणि छापील आकृती बघितल्याशिवाय चार कोरची वायर लावू नका. चार कोरमधून एका जोडीवर टॉप आणि दुसरीवर बेस नेण्याची पद्धत सोयीची आहे, पण त्या वायरीच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाची टेप असलीच पाहिजे, नाहीतर ती साध्या वायरींच्या ढिगात मिसळते आणि नेमकी चुकीच्या बॉक्सला जाते.

ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच भार चालवतात तेव्हा, अनेक ॲम्प १+ आणि २+ या दोन पात्यांवर आउटपुट देतात. टर्मिनल असलेल्या ॲम्पवर दोन्ही लाल टर्मिनल वापरतात. इथे दोन्ही टोकं जिवंत असतात, कुठलंही अर्थला किंवा पत्र्याला टेकवायचं नाही. प्रत्येक चॅनेलला भार निम्मा दिसतो: ८ ओहमचा बॉक्स लावला तर चॅनेलला ४ ओहम. पत्र्यावर ‘ब्रिज, किमान ८ ओहम’ लिहिलेलं असताना दोन बॉक्स समांतर लावून ४ ओहम केले तर ॲम्प वारंवार प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला आउटपुट बंद करतो), किंवा जातच नाही आणि जळतो. समांतर बॉक्सचा हिशेब: ८ ओहमचे दोन म्हणजे ४, तीन म्हणजे २.६७.

ॲम्पला लावण्याआधी स्पीकॉनच्या टोकावरून मल्टिमीटरने ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन, हे बरोबर आहे. शून्याजवळ काही दिसलं तर वायर शॉर्ट आहे, काहीच दिसलं नाही तर तुटली आहे. बेस उलटा जोडलाय का ते बघायला दीड व्होल्टचा सेल घ्या, + टोक १+ला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उडाला पाहिजे. ही चाचणी फक्त बेसच्या स्पीकरवर करा, हॉर्नच्या ड्रायव्हरला थेट सेल लावू नका.

हम आला तर

थ्री-पिनचा अर्थ काढून टाकला की हम थांबतो, म्हणून तसं करणारे पुष्कळ आहेत. पण आतली फेजची तार पत्र्याला लागली तर तो करंट जायला मग माइक धरलेल्या माणसाशिवाय दुसरा रस्ता उरत नाही. अर्थ कधीही काढू नका. हम बहुतेक वेळा दोन वेगळ्या बोर्डांवरून अर्थ घेतल्यामुळे येतो: मिक्सर समोरच्या बोर्डावर, ॲम्प स्टेजमागच्या बोर्डावर, आणि दोघांना जोडणारी जाळी मधे. आधी मिक्सर, लॅपटॉप आणि ॲम्प एकाच बोर्डावरून घेऊन बघा. मग सिग्नलच्या वायरी एकेक काढा. जी काढल्यावर शांतता होते, तिथे डीआय बॉक्स किंवा १:१चा ट्रान्सफॉर्मर लावा. ॲम्पच्या मागे ‘ग्राउंड लिफ्ट’ कळ असेल तर ती वापरायला हरकत नाही, ती सिग्नलचा ग्राउंड पत्र्यापासून वेगळा करते, विजेचा अर्थ तसाच राहतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर किणकिण थांबली तर दोष चार्जरचा, उपाय तोच डीआय बॉक्स.

हमसारखाच वाटणारा एक वेगळा प्रकार म्हणजे नुसती सूऽऽ अशी हवा. तेव्हा मागची सेन्सिटिव्हिटी कळ बघा. ३२ डेसिबलवर ॲम्प सिग्नल चाळीस पट करतो, २६ वर वीस पट. मिक्सर पुरेसा सिग्नल देत असेल तर २६ ठेवा, हवा तिथेच निम्मी होते.

छोटी भोकं

वायरलेस माइकच्या रिसीव्हरला मागे गोल डीसी पिन असते. बाहेरचा व्यास ५.५ मिमी, आतला २.१ किंवा २.५. अडॅप्टरची पिन २.५ची आणि रिसीव्हरची सळई २.१ची असली तर ती बसते, चालते, आणि कार्यक्रमात मधेच बंद पडते. व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. + आत की बाहेर ते पत्र्यावरच्या छोट्या वर्तुळाच्या चिन्हावर बघा, गिटार पेडलमध्ये ते बहुधा उलटं असतं. अँटेनाचा बीएनसी (फिरवून बसणारा छोटा गोल कनेक्टर) ५० ओहमचा. पातळ आरजी-५८ केबलमध्ये दहा मीटरमागे यूएचएफ सिग्नलची साधारण निम्मी शक्ती गळते, म्हणून अँटेना लांब नेण्यापेक्षा रिसीव्हरच स्टेजजवळ ठेवा आणि त्याचं आउटपुट एक्सएलआरने आणा. लाइट नियंत्रित करणाऱ्या डीएमएक्स सिग्नलला तीन पिनांचा एक्सएलआर दिसला तरी त्या वायरी वेगळ्या रंगाच्या ठेवा. त्यांना ११० ते १२० ओहमची केबल लागते, आणि शेवटच्या लाइटवर २ व ३ मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर.

निगा

कोकणात आणि गोव्यात समुद्राची खारी हवा पिनांवर हिरवा-काळा थर धरवते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पिना पुसा, सॉकेटात पिन पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, सुकू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा गेला की गंज दुप्पट वेगाने येतो. वायरी कोपरात गुंडाळू नका. पीळ पडून आतली जाळी टोकाजवळ तुटते, एक फेरा सरळ आणि एक उलटा अशी मोकळी वेटोळी करा.

चालू करताना आधी मिक्सर आणि लॅपटॉप, मग ॲम्प, नॉब खाली असताना. बंद करताना आधी ॲम्प, आणि मागच्या पत्र्यावरच्या कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी आतले कपॅसिटर उतरायला अर्धा-एक मिनिट द्या.